गाळातला पारा ताटापर्यंत कसा येतो

भाचीला पाचवा महिना लागलाय. माहेर नाशिकचं, सासर पालघरकडचं, त्यामुळे लग्न झाल्यापासून तिच्या इंदिरानगरच्या घरात आठवड्यातून तीनदा तरी मासळी शिजते. परवा कुणीतरी तिच्या सासूबाईंच्या मोबाइलवर एक मजकूर पाठवला: गरोदर बाईने मासे खाल्ले की पारा थेट बाळाच्या मेंदूत जातो. सासूबाई घाबरल्या. त्याच संध्याकाळी फ्रीजरमधली सगळी मासळी त्यांनी शेजारी देऊन टाकली. रात्री भाचीचा फोन आला. "मावशी, तू केमिस्ट्री शिकवतेस ना? खरंच सगळे मासे बंद करू? आणि पारा तर आम्ही शाळेत तळहातावर घेऊन खेळलोय, तेव्हा कुणाला काही झालं नाही ते कसं?"

प्रश्न दोन्ही रास्त होते आणि फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखे नव्हते. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तिचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी गोम तिथेच आहे. पारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थर्मामीटरमधला तो चकचकीत, पळणारा थेंब येतो. तो शुद्ध धातू. चुकून गिळला गेला तरी आतड्यातून तो रक्तात जवळजवळ जातच नाही. दहा हजार भागांतला एक भागही शोषला जात नाही. पण त्याची वाफ होते, डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, आणि श्वासावाटे आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. त्यामुळे शाळेतला तो खेळ निर्धोक होता असं मुळीच नाही. उघड्या वर्गात, पाच मिनिटांसाठी, एवढ्याशा थेंबाशी खेळलात म्हणून निभावलं. दुसरं रूप पाऱ्याच्या क्षारांचं. हिंगूळ, रसकापूर ही नावं जुन्या वैद्यकामुळे आपल्या कानावरची आहेत. विरघळणारे क्षार पोटात गेले तर पहिला मार मूत्रपिंडांना बसतो.

भाचीच्या फोनचा विषय आहे तो तिसरा प्रकार: मिथाइल मर्क्युरी, म्हणजे मिथाइल पारा. पाऱ्याच्या अणूला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा छोटासा गट चिकटला की तो तयार होतो. एवढाच बदल. पण या बदलाने पाऱ्याचा स्वभावच पालटतो. अन्नातून पोटात गेलेल्या मिथाइल पाऱ्यापैकी सुमारे ९५ टक्के रक्तात उतरतो. दहा हजारात एक कुठे आणि शंभरात पंचाण्णव कुठे!

हा मिथाइल गट त्याला चिकटवतं कोण? नद्या-तळ्यांतला बहुतेक मिथाइल पारा कारखान्यात बनत नाही, तो गाळात बनतो.

उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी ओसरलं की काठाला जो काळा चिखल उघडा पडतो, त्यात पाय घातलाय कधी? पाय वर काढला की कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. नाशिककरांना हा वास नवा नाही. तो वास म्हणजे विशिष्ट जिवाणूंची हजेरी. चिखलात थोडं खाली गेलं की प्राणवायू संपतो. तिथे राहणारे काही जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटवर भागवतात आणि त्यातून हा वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, बाहेर टाकतात. पाऱ्याला मिथाइल गट जोडणाऱ्यांत हेच जिवाणू आघाडीवर आहेत. सगळे नव्हेत, ज्यांच्याकडे त्या कामाची दोन जनुकं आहेत तेवढेच. ती जनुकं २०१३ मध्ये ओळखता आली आणि मग लोहावर जगणाऱ्या काही जिवाणूंमध्ये, मिथेन बनवणाऱ्या काही सूक्ष्मजीवांमध्येही ती सापडली.

या जिवाणूंना काय लागतं? साचलेलं पाणी, कुजणारा पाला, सांडपाणी आणि प्राणवायूचा अभाव. पाणवेलींच्या लोंबत्या मुळांवरही ही क्रिया चालते, हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या तरंगत्या वनस्पतींवरच्या अभ्यासात दिसलं आहे. म्हणून पात्रभर हिरवीगार पाणवेल पसरलेली पाहिली की मला ती नुसती कुरूप वाटत नाही, तिच्या खाली काय शिजत असेल याची काळजी वाटते. धरणाच्या पाण्याखाली नवी जमीन बुडाली की तिच्यातला पालापाचोळा कुजतो आणि तिथल्या माशांमधला मिथाइल पारा पुढची अनेक वर्षं वाढलेला राहतो, हे कॅनडातल्या धरणांवर पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय.

आणि मुळात गाळात पारा येतो कुठून? थोडा खडकांतून आणि ज्वालामुखींतून येतो, पण आज हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा मोठा वाटा माणसाचा. छोट्या प्रमाणावर सोनं काढणारे लोक पारा वापरून सोनं गोळा करतात आणि नंतर तो तापवून उडवतात. जगभरात हा सगळ्यात मोठा स्रोत. त्याखालोखाल कोळसा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ या एका वर्षात माणसाने सुमारे २,२०० टन पारा हवेत सोडला. कोळशात पारा अगदी नाममात्र असतो, टनामागे साधारण ग्रॅमचा दहावा भाग. पण दहा हजार टन जाळला की किलोभर झाला, आणि औष्णिक वीज केंद्रांची भूक टनांत नाही, हजारो टनांत मोजायची असते. आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडला राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. जळलेल्या कोळशातला काही पारा राखेत अडकतो, काही धुराबरोबर वर जातो. वर गेलेला पारा काही महिने, कधी वर्षभरही हवेत फिरतो. म्हणजे नाशिकच्या आकाशातून गेलेला पारा ध्रुवाजवळ पडू शकतो आणि दुसऱ्या कुठल्या देशातला आपल्या गंगापूर धरणात. कुठल्याही एका गावाने आपल्यापुरतं आवरून हा प्रश्न सुटत नाही, तो यामुळेच.

आता हा पारा माशात साठतो कसा ते बघू, आणि त्यासाठी बेदाण्याकडे येऊ. निफाड-पिंपळगावकडच्या वाचकांना हे लगेच कळेल. चार किलो द्राक्षं रॅकवर सुकवली की साधारण किलोभर बेदाणा होतो. पाणी उडून जातं, साखर जागेवरच राहते, म्हणून बेदाणा द्राक्षापेक्षा कितीतरी गोड. माशाच्या पोटात तसंच होतं. पाण्यातलं शेवाळ मिथाइल पारा उचलतं. ते शेवाळ खाणारा बारीक किडा आयुष्यभर शेवाळ खातो, त्यातली ऊर्जा वापरून टाकतो, श्वासावाटे कार्बन बाहेर सोडतो, पण पारा सोडू शकत नाही. तो प्रथिनांना गच्च धरून बसतो. मग लहान मासा असे हजारो किडे खातो. मोठा मासा शेकडो लहान मासे खातो. प्रत्येक पायरीवर जणू बेदाण्याचाच पुन्हा बेदाणा होतो. शेवटच्या पायरीवरच्या माशाच्या मांसात, ज्या पाण्यात तो पोहतो त्या पाण्याच्या दहा लाख पटींहून जास्त मिथाइल पारा सापडू शकतो. पाण्याची तपासणी केली तर आकडा इतका क्षुल्लक येतो की कुणीही निश्चिंत व्हावं, आणि त्याच पाण्यातला मोठा मासा खाण्याजोगा नसावा, हे त्यामुळे घडतं.

गेल्या थंडीत नांदूर मध्यमेश्वरला, चापडगावच्या बाजूने, पहाटे जाऊन बसले होते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं साचलेल्या गाळानेच इथे उथळ पाणी, बेटं, गवत तयार केलं आणि पक्ष्यांना घर मिळालं. समोर एक राखी बगळा बराच वेळ दगडासारखा उभा होता. मान एकदम सुटली, चोचीत हातभर मासा. दोन-तीनदा उडवून त्याने तो डोक्याकडून सरळ केला आणि गिळला. गळ्यातून तो उतरताना फुगवटा खाली सरकताना दिसत होता. बगळा, पाणकावळा, मत्स्यगरुड, पाणमांजर ही सगळी या साखळीच्या शेवटच्या पायरीवर बसलेली मंडळी. त्यांना आपल्यासारखी "आज वरण-भात खाऊ" अशी सोय नाही. रोज मासाच.

पक्ष्यांकडे एक सुटका आहे: पिसं. अंगातला बराचसा मिथाइल पारा वाढत्या पिसांत जातो आणि पीस गळलं की तो अंगाबाहेर जातो. म्हणून तर संग्रहालयात जपलेल्या शंभर वर्षं जुन्या पक्ष्याच्या पिसावरून त्या काळी पारा किती होता हे मोजता येतं. पण मादीच्या अंगातला पारा अंड्यातही उतरतो, आणि पिल्लं मोठी होऊन पिसं वाढायची थांबली की ही वाट बंद होते. उत्तर अमेरिकेत तळ्यांवर राहणाऱ्या लून नावाच्या पाणपक्ष्यावर यासंबंधी वर्षानुवर्षं काम झालंय. अंगात पारा जास्त असलेले लून मरून पडत नाहीत. ते सुस्तावतात. अंडी सोडून उठतात, पिल्लांना कमी भरवतात, आणि त्या तळ्यावर पिल्लं कमी जगतात. फ्लोरिडात पांढऱ्या शराटींना (आपल्याकडच्या शराटींची ही चुलत भावंडं) तीन वर्षं अन्नातून अगदी थोडा मिथाइल पारा देऊन पाहिलं. नरांचं प्रियाराधन बिघडलं, अनेक नरांनी नरांशीच जोड्या जमवल्या, घरट्यांतून पिल्लं कमी निघाली. एकही पक्षी आजारी दिसत नव्हता. मला या प्रयोगाने सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं, कारण आपण तर मेलेले पक्षी दिसले तरच दखल घेतो.

मासे न खाणारेही सुटत नाहीत. व्हर्जिनियातल्या एका पारा साचलेल्या नदीच्या काठावर, मासा कधी चाखलाही नसेल अशा गाणाऱ्या पक्ष्यांच्या रक्तात मासेखाऊ पक्ष्यांइतका पारा सापडला. वाट निघाली जाळी विणणाऱ्या कोळ्यांची. नदीतून उडणारे किडे कोळी खातात, आणि त्या कोळ्यांना हे पक्षी खातात.

माणसाला हे सगळं कळलं ते फार मोठी किंमत देऊन. जपानमधल्या मिनामाटा या किनाऱ्यावरच्या गावात चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. ॲसिटाल्डिहाइड बनवताना तिथे पारा वापरत, आणि इथे मात्र मिथाइल पारा कारखान्यातच तयार होऊन सांडपाण्यावाटे १९३२ पासून खाडीत जात राहिला. पन्नासच्या दशकात कोळीवाड्यातली मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली, गोल गोल फिरून समुद्रात पडायला लागली. मग माणसं. बोटं बधिर, ओठांभोवती मुंग्या, चालताना तोल जाणं, बोबडं बोलणं, आणि नजर अशी की नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसतं. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी या अनोळखी आजाराची रीतसर नोंद केली. लोकांना तो साथीचा वाटला. आजारी घरांना वाळीत टाकलं गेलं. १९५९ मध्ये होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून मांजराला दिलं. ते मांजर तसंच नाचलं. कंपनीने हा निकाल दाबून ठेवला. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं १९६८ साली, रोगाची नोंद झाल्यानंतर बारा वर्षांनी. या बारा वर्षांत खाडीतले मासे लोकांच्या ताटात जातच होते.

त्या काळी समज असा होता की वार, म्हणजे आईच्या पोटात बाळाला पोसणारा अवयव, विषाला अडवते, आई आजारी असली तरी पोटातलं बाळ सुरक्षित. मिनामाटात उलटं दिसलं. आई बऱ्यापैकी धडधाकट आणि बाळ मान न धरणारं, न चालणारं, न बोलणारं. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवायची पद्धत आहे. त्या डब्या पुढे उघडल्या गेल्या, नाळेतला पारा मोजला गेला, आणि कुठल्या वर्षी जन्मलेल्या बाळाला किती विष मिळालं याचा पुरावा हाती आला.

दुसरी घटना इराकची, १९७१-७२ ची. बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पारा चोळलेलं गव्हाचं बियाणं आलं. पेरायला दिलेलं, पण पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत. लोकांनी वरचा लाल रंग धुऊन टाकला आणि रोट्या भाजल्या. सरकारी नोंदीनुसार ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले ४५९ वारले. ऊस लावणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांना इथे काही आठवेल. टिपऱ्या लावण्याआधी ज्या पाऱ्याच्या औषधात बुडवायचे, ते याच घराण्यातलं, जरा वेगळ्या बांधणीचं रसायन. भारताने त्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी आणली. कोठीत कुठे जुनी बाटली पडून असेल तर ती घरात ठेवू नका, विहिरीजवळ तर अजिबातच नको.

वार आणि मेंदूभोवतीचा पहारा मिथाइल पाऱ्याला अडवत का नाही? कारण तो वेषांतर करतो. रक्तात गेल्यावर तो सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतो, आणि ही जोडी हुबेहूब मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते. मेथिओनिन मेंदूला हवंच असतं, बाळाला तर फारच. दारावरचा पहारेकरी घरचंच माणूस समजून आत घेतो. नाळेतल्या रक्तात तो आईच्या रक्ताच्या सुमारे १.७ पट भरतो. त्या महिन्यांत बाळाच्या मेंदूतल्या पेशी विभागून वाढत असतात, आपापल्या जागी चालत जात असतात. मिथाइल पारा नेमकं हेच विस्कटतो. मोठ्या माणसाच्या मेंदूत काही ठराविक भाग खराब होतात, बाळाच्या मेंदूची घडीच बिघडते.

शरीर त्याला हळूहळू बाहेर काढतं. आज जेवढा अंगात आहे त्याच्या निम्मा व्हायला सुमारे ५० दिवस लागतात, त्याच्या निम्मा व्हायला आणखी ५०. थोडा केसात जातो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून इराकमधल्या मातांच्या केसांचे तुकडे मोजून गरोदरपणाच्या कुठल्या महिन्यात किती पारा अंगात होता हे काढता आलं. माझ्या भाचीची वेणी कमरेपर्यंत आहे. तिच्या पाचेक वर्षांच्या जेवणाची नोंद तिच्या पाठीवर लोंबते आहे.

मग तिने मासे सोडायचे का? इथे दोन बेटांवरचे अभ्यास शेजारी ठेवून बघावेत. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेल खातात. व्हेल साखळीच्या टोकावरचा, त्यात पारा भरपूर. तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेली सुमारे नऊशे मुलं सातव्या वर्षी तपासली, तेव्हा नाळेच्या रक्तात पारा जास्त असलेल्या मुलांचं लक्ष, स्मरण, भाषा थोडी मागे दिसली. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये गरोदर बायका आठवड्याला सरासरी बारा वेळा मासे खात होत्या. तिथे मुलांमध्ये असा सरसकट तोटा आढळला नाही. तिथलं खाणं नेहमीच्या समुद्री माशांचं होतं, व्हेलचं नव्हतं. माशातली स्निग्धाम्लं आणि आयोडीन बाळाच्या मेंदूला हवी असतात, हेही विसरून चालणार नाही. सरसकट मासे बंद करणं हा उपाय नव्हे.

हिशेबच मांडते. जागतिक तज्ज्ञ समितीची मर्यादा आठवड्याला वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. भाचीचं वजन ५५ किलो धरलं तर आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातले मासे तपासून काढलेली सरासरी घेतली आणि एक वाढप १५० ग्रॅमचं धरलं, तर तारलीच्या कुळातल्या माशांतून २ मायक्रोग्रॅम, कोळंबीतून दीडच्याही आत, चिलापीतून २. सुरमईच्या कुळातल्या मोठ्या किंग मॅकरेलमधून ११०. शार्कमधून १४७. एका जेवणात आठवड्याची मर्यादा ओलांडली! आपल्या बाजारात मिळणारी मुशी बहुधा लहान असते, तिच्यात एवढा नसेल, पण मुशी म्हणजे शार्कच, आणि ज्या माशाला मोठे दात आहेत व जो बरीच वर्षं जगतो त्याच्यात जास्त पारा, हा क्रम कुठल्याही समुद्रात बदलत नाही. धरणातल्या माशांनाही तोच नियम. रोहू-कटला शेवाळ, वनस्पती, बारीक जीव खाऊन वाढतात. मरळ दुसरे मासे खाते.

सासूबाईंनी विचारलं, लिंबू-मीठ चोळून धुतला, कडक तळला तर जाईल का? नाही जात. चरबीत असता तर काही अंशी निथळला असता; हा मांसाच्या प्रथिनात बसलेला असतो. तळताना पाणी उडतं आणि उलट तोच पारा कमी वजनात राहतो.

मग दोघींशी ठरलं ते असं. मांदेली, बोंबील, तारली, कोळंबी, लहान बांगडा, धरणाचा रोहू-कटला आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल. मुशी, मोठा कुपा आणि मोठ्या सुरमईचे जाड तुकडे बाळाचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत नाहीत. लग्नाआधीपासून दर रविवारी सुरमई झाली असेल तर आता घाबरून उपयोग नाही. आज थांबलं की ५० दिवसांनी निम्मं. आणि ज्यांना पुढच्या वर्षी बाळ हवंय त्यांनी आताच मोठे मासे कमी करावेत, कारण बाळाच्या मेंदूचं काम पहिल्या महिन्यांतच सुरू होतं.

फोन ठेवता ठेवता सासूबाई म्हणाल्या, कपाटात एक जुना पाऱ्याचा थर्मामीटर आहे. मी म्हटलं, फुटायच्या आत घट्ट झाकणाच्या बाटलीत घाला, वर चिठ्ठी लावा आणि घंटागाडीत ओल्या-सुक्यात न टाकता घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्या. जुन्या ट्यूबलाइटही तशाच, न फोडता. आणि फुटलाच तर झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. खिडक्या उघडायच्या, गरोदर बाईला आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवायचं, जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र करायचे, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपायचे, आणि ते सगळं त्याच बाटलीत. मोरीत ओतायचं नाही. मोरीतून ते नाल्यात, नाल्यातून गोदावरीत जातं, आणि तिथे तो काळा चिखल आहेच.